पिकल डिपला पाणी सुटतं आणि वरचा कुरकुरीत थर मऊ पडतो, त्याचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा : वीस-पंचवीस माणसांच्या पार्टीसाठी क्रीम चीज, सावर क्रीम आणि बारीक चिरलेलं डिल पिकल (डिल म्हणजे शेपू घालून आंबट-खारट पाण्यात मुरवलेली काकडी) घालून डिप केलं, त्यावर लोण्यात परतलेला ब्रेडचा चुरा पसरला आणि आदल्या रात्रीच भांडं झाकून फ्रिजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाकण काढलं तर कडेनं पाणी साचलेलं, चुरा ओल्या भुशासारखा आणि चव नुसती खारट. चूक कुठे झाली, आणि पुढच्या वेळी आदल्या दिवशी तयारी करता येईल का?

करता येईल, आणि करावीच. हे डिप ताजं ताजं खाण्यापेक्षा काही तास मुरलं की जास्त चांगलं लागतं. तुमचं साहित्यही बरोबर आहे. तक्रारी तीन दिसत असल्या तरी दोन्ही मोठ्या तक्रारींच्या मुळाशी पाणीच आहे. पिकलमधलं पाणी डिपमध्ये उतरलं आणि डिपमधलं पाणी चुऱ्यात चढलं. खारटपणाचं कारण थोडं वेगळं आहे, त्याच्याकडे पुढे येते.

मी पार्ट्यांचं खाणं करून देते आणि हे डिप माझ्याकडून नेहमी मागवलं जातं. ज्यांना तळलेलं पिकल आवडतं त्यांना हे हमखास आवडतं, कारण मूळ कल्पना तिथलीच आहे. अमेरिकेत आर्कान्सामधल्या ॲटकिन्स गावी बर्नेल ऑस्टिन यांनी 1963 मध्ये आपल्या ड्राइव्ह-इनमध्ये, म्हणजे गाडीतच बसून खाता येणाऱ्या उपाहारगृहात, पिकलच्या तळलेल्या चकत्या विकायला सुरुवात केली. बाहेरून खरपूस आवरण, आत आंबट-खारट काकडी आणि सोबत गार, मलईदार सॉस. डिपमध्ये हेच तिन्ही एका वाडग्यात आणायचे असतात. म्हणून वरचा चुरा ही सजावट समजू नका. तो मऊ पडला तर पदार्थाचा एक तृतीयांश भागच गेला.

आधी पिकल. बाटली घेताना लेबल वाचा. ‘ब्रेड अँड बटर’ प्रकारचं पिकल गोड असतं, ते इथे नको. तयार रेलिशही, म्हणजे बारीक चिरलेल्या पिकलची चटणी, नको, कारण ते गोडही असतं आणि त्याचा लगदाही झालेला असतो. साधं डिल पिकल हवं आणि शक्यतो अख्ख्या काकड्यांचं. दुकानात फ्रिजमध्ये ठेवलेल्या बाटल्यांतलं पिकल बहुतेक वेळा तापवलेलं नसतं, त्यामुळे काकडी कडक राहते. उघड्या फळीवर ठेवलेल्या बाटल्या पाश्चराइझ केलेल्या असतात आणि उष्णतेनं काकडीचा कडकपणा थोडा जातोच. म्हणून अनेक उत्पादक त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात. कॅल्शियम काकडीतल्या पेक्टिनला बांधून ठेवतं आणि फोड कुरकुरीत राहते. घटकांच्या यादीत ते दिसलं तर घाबरू नका, उलट आपल्या कामाचंच आहे. व्हिनेगरमधलं पिकल की मिठाच्या पाण्यात आंबवलेलं, हा आवडीचा भाग. आंबवलेल्याचा आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा, जरा गोलसर असतो, तर व्हिनेगरचा आंबटपणा थेट नाकात जातो. क्रीम चीजच्या जाड चवीला छेद द्यायला मला व्हिनेगरचं बरं वाटतं.

आता चिरणं आणि पिळणं. काकडीत 95 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि पिकल झाल्यावरही ती पाण्यानंच भरलेली असते. सुरी फिरली की पेशी फुटतात आणि ते पाणी मोकळं होतं. फूड प्रोसेसरमध्ये घातलंत तर तुकड्यांबरोबर लगदाही होतो, आणि तो लगदा पुढे डिप पातळ करत राहतो. त्यामुळे कंटाळा आला तरी हातानं चिरा. काकडी उभी कापून मधला बियांचा मऊ भाग चमच्यानं खरवडून काढा, उरलेल्या भागाचे चार-पाच मिलिमीटरचे चौकोनी तुकडे करा. याहून बारीक केले तर दाताखाली काही लागत नाही, मोठे ठेवले तर चिप्सवरून घरंगळतात.

तुकडे गाळणीत दहा मिनिटं ठेवा आणि खाली वाटी ठेवायला विसरू नका. मग स्वच्छ सुती कापडात घेऊन पुरचुंडी बांधा आणि पिळा. पहिल्या पिळ्याला धार लागते. तिथे थांबायचं नाही. पुरचुंडी उघडून तुकडे मोकळे करायचे, पुन्हा बांधायची, पुन्हा पिळायचं. दुसऱ्या वेळी थेंब थेंब येतं. तिसऱ्या वेळी कापड नुसतं दमट होतं. दोनशे ग्रॅम तुकड्यांतून तीन-चार मोठे चमचे पाणी सहज निघतं, आणि तुमच्या वाडग्याच्या कडेला जे साचलं होतं ते बहुतांश हेच. पिळलेले दोन-चार तुकडे कागदी रुमालावर दाबून बघा. पुसट डाग पडला तर ठीक, ओला गोल उमटला तर आणखी एकदा पिळा. एवढं पिळून तुकडे मरत नाहीत का, असं मला नेहमी विचारतात. कडक पिकल असेल तर नाही. पिळल्यावर जे मऊ होतं ते बाटलीतही मऊच होतं.

निघालेलं पाणी टाकू नका. त्यात व्हिनेगर, मीठ, लसूण, डिल सगळं आहे. शेवटी त्यातलेच एक-दोन छोटे चमचे परत घालायचे आहेत. आधी काढायचं आणि परत घालायचं, हे विचित्र वाटेल. फरक इतकाच की आता किती पाणी जाणार हे तुम्ही ठरवता, काकडी ठरवत नाही.

मलईच्या भागासाठी माझं प्रमाण असं आहे : 225 ग्रॅम क्रीम चीज, 120 ग्रॅम सावर क्रीम, दोन मोठे चमचे मेयोनेज आणि पिळल्यानंतर वजन केलेलं 150 ग्रॅम पिकल. सगळं मिळून अर्धा किलोच्या थोडं वर जातं. बाकी खाणं भरपूर असेल तर माणशी पन्नास ग्रॅम धरा. म्हणजे तुमच्या पंचवीस माणसांना याची अडीचपट पुरेल. फक्त लसूण अडीचपट करू नका, दुपटीवर थांबा.

क्रीम चीज विटेच्या आकाराचं, पूर्ण स्निग्धांशाचं घ्या. डब्यातलं पसरण्याजोगं किंवा कमी फॅटचं चीज मुळातच मऊ आणि जास्त पाण्याचं असतं, त्याचं डिप फ्रिजमधूनही सैलच बाहेर येतं. विटेचं चीज तासभर बाहेर ठेवून नरम होऊ द्या आणि सगळ्यात आधी एकटंच फेटा. इथे घाई केली की गुठळ्या पडतात. सावर क्रीम आधी पडलं तर गार चीजचे गोळे त्यात तरंगत राहतात आणि बीटर त्यांना नुसता ढकलत राहतो, फोडत नाही. चीज एकट्यानं गुळगुळीत झालं की मग मेयोनेज आणि त्यानंतर सावर क्रीम दोन-तीन वेळा थोडं थोडं घाला. सावर क्रीम घातल्यावर फार फेटू नका, जास्त घोटलं की ते पातळ होतं. तरी गुठळ्या राहिल्याच तर मिश्रण चाळणीतून दाबून काढा. पिकल पडायच्या आत, अर्थात.

सावर क्रीम मिळत नसेल तर टांगून पाणी काढलेलं घट्ट दही चालतं, चवीत फार फरक पडत नाही. पण ताजी क्रीम किंवा दूध घालून सैल करायच्या भानगडीत पडू नका. क्रीम चीज आणि सावर क्रीम विरजण लावून केलेले असतात, त्यांच्यातलं प्रथिन आधीच आम्लात बसलेलं असतं, त्यामुळे व्हिनेगरनं त्यांना धक्का बसत नाही. ताज्या दुधातलं केसीन हे प्रथिन मात्र आंबटपणा वाढून पीएच 4.6 च्या आसपास आला की गोळा होतं. पिकलचं पाणी त्याहून बरंच आंबट असतं. म्हणजे दूध फाटणार आणि डिपमध्ये रवाळ कण दिसणार.

चवीसाठी एक छोटा चमचा लसूण पावडर, तेवढीच कांदा पावडर, भरपूर मिरी आणि दोन मोठे चमचे चिरलेलं ताजं डिल. वाळलेलं डिल असेल तर त्याच्या एक तृतीयांश पुरतं, मात्र त्याला भिजून फुलायला वेळ लागतो, म्हणून ते आदल्या दिवशीच घालावं लागतं. ताजा लसूण घालायचा असेल तर एकच छोटी पाकळी किसा आणि किसताच व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात पाडा. लसणाचा झणका पेशी फुटल्यावर एका विकरामुळे (एन्झाइममुळे) तयार होतो आणि तीव्र आम्लात ते विकर काम करत नाही. तसाच कच्चा लसूण डिपमध्ये घालून रात्रभर ठेवला तर दुसऱ्या दिवशी बाकी कशाचीच चव लागत नाही. ताजा कांदा मी घालतच नाही. त्यालाही पाणी सुटतं, आणि आत्ताच एवढ्या कष्टानं ते बाहेर काढलंय.

मीठ सुरुवातीला अजिबात घालू नका. पिकल खारट, चीज खारट, मेयोनेज खारट. तुम्ही रँच नावाच्या अमेरिकन सॉसच्या मसाल्याचं तयार पाकीट घातलं असेल तर त्यातही मीठच जास्त असतं, आणि तुमच्या खारटपणाचं उत्तर बहुधा तिथेच सापडेल. शिवाय पिकलमधलं मीठ हळूहळू मलईत उतरतं, त्यामुळे कालवल्या कालवल्या बरोबर लागलेली चव चार तासांनी चढी होते. पिळलेलं पिकल कालवा, तासभर गार होऊ द्या, मग चाखा, आणि चाखताना सोबत एक चिप घ्या, कारण खाणाराही तशीच खाणार आहे. या वेळी बहुधा मिठाऐवजी आंबटपणा कमी वाटतो. राखून ठेवलेल्या पाण्याचे एक-दोन छोटे चमचे घालायची वेळ हीच. आंबटपणा आधीच जास्त झाला असेल तर चिमूटभर साखर तो खाली आणते.

झाकून फ्रिजमध्ये गेलेलं हे डिप आदल्या दिवशी केलं तरी पाणी सोडत नाही. सोडलंच तर चमचाभर, ते ढवळलं की परत जिरतं.

आता चुरा. माझ्या मते या पदार्थात खरं कौशल्य इथेच लागतं, आणि पाककृतींमध्ये नेमकी हीच पायरी एका ओळीत उरकलेली असते.

पांको घ्या, म्हणजे जपानी पद्धतीचा जाड चुरा. त्यासाठीचा पाव भट्टीऐवजी कणकेतून विजेचा प्रवाह सोडून भाजतात, त्यामुळे त्याला तपकिरी कवच येत नाही आणि त्याचे पोकळ, टोकदार कण पडतात. साध्या ब्रेडच्या पिठासारख्या बारीक चुऱ्याला दाताखाली तसा आवाज येत नाही आणि तो लवकर भिजतो. पांको मिळाला नाही तर पावाच्या कडा काढून तो किसणीच्या मोठ्या भोकांवर किसा आणि मंद ओव्हनमध्ये रंग न येऊ देता खडखडीत वाळवा.

एक कप पांकोला 25 ग्रॅम लोणी लागतं. कढई रुंद आणि जाड बुडाची असू द्या. मध्यम आचेवर लोणी वितळवा, पण वितळताच चुरा टाकू नका. लोण्यात सुमारे 16 टक्के पाणी असतं, ते आधी जायला हवं. चर्र आवाज आणि फेस चालू असेपर्यंत पाणी आहे असं समजा. फेस बसून आवाज मंदावला की पांको घाला आणि हलवायला लागा. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच होत नाहीये असं वाटतं. चुरा फिकटच दिसतो आणि हमखास आच वाढवावीशी वाटते. वाढवू नका. मग एकदम कडेचे कण सोनेरी होतात, भाजक्या पावाचा वास येतो, आणि तिथून पुढचं सगळं मिनिटभराच्या आत घडतं. या वेळी फोन घ्यायचा नाही, दारही उघडायला जायचं नाही. तुम्हाला हवा त्यापेक्षा एक छटा फिका असताना चुरा थंड, पसरट ताटात ओता. कढईतच ठेवलात तर गॅस बंद असूनही बुडाच्या उष्णतेनं तो करपतो. लसूण पावडर, पाप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड), चिमूटभर मीठ हे सगळं ताटात ओतल्यावर, चुरा गरम असतानाच घाला. कढईत घातलेली पाप्रिका क्षणात कडू होते.

पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, नाहीतर आतल्या आत वाफ धरते. आणि डबा फ्रिजमध्ये ठेवू नका. गार डबा बाहेर काढून उघडला की हवेतली दमट वाफ गार चुऱ्यावर बसते. हवाबंद डब्यात, ओट्यावर, दुसऱ्या दिवसापर्यंत तो छान राहतो. मऊ पडलाच तर 150 अंशांच्या ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवून परत गार करा, तो पुन्हा कुरकुरीत होतो. डिपवर टाकून भिजलेल्या चुऱ्याला मात्र कसलाच इलाज नाही.

का, तेही सांगते. कुरकुरीत पदार्थात पाणी अगदी थोडं असतं, तर डिप पाण्यानं जवळजवळ संपृक्त असतं. दोघे एकमेकांना चिकटून असले की पाणी ओल्याकडून कोरड्याकडे जातच राहतं, फ्रिजमध्ये ठेवून ते थांबत नाही. झाकलेल्या भांड्यात तर हवाही दमट होते, म्हणजे चुऱ्याला वरूनही ओल आणि खालूनही ओल. लोण्याचा लेप हा वेग कमी करतो, थांबवत नाही. मध्ये किसलेल्या कडक चीजचा थर देण्याची युक्तीही सांगितली जाते. तिच्यानं थोडा वेळ मिळतो, पण तेवढ्यासाठी मी खटाटोप करत नाही. चुरा पाहुण्यांसमोर, वाढताना टाकायचा. तिथून साधारण अर्धा तास तो दमदार असतो, पुढे उतरणीला लागतो.

मोठ्या पार्टीत म्हणूनच एकच मोठा वाडगा मांडू नका. दोन-तीन लहान, पसरट भांडी करा, एक बाहेर आणि बाकीची फ्रिजमध्ये. पहिलं संपत आलं की दुसरं काढा आणि तेव्हाच त्यावर चुरा टाका. खोलगट वाडग्यात पहिल्या दहा जणांना चुरा मिळतो आणि उरलेल्यांना नुसतं डिप. पसरट भांड्यात प्रत्येक चिपवर दोन्ही येतं. शेजारी वाटीत जास्तीचा चुरा आणि चमचा ठेवलात तर लोक आपणहून घेत राहतात.

चुऱ्याऐवजी पिकलच्याच चकत्या तळून, जाडसर चुरडून वर टाकता येतात. चव अर्थातच भारी लागते. त्यासाठी दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या कागदी रुमालांत दाबून अगदी कोरड्या करा, मग कॉर्नफ्लोअर, मग ताक, मग मिरी-मीठ घातलेला मैदा आणि कॉर्नफ्लोअर अशी आवरणं देऊन 185 अंश तापलेल्या तेलात थोड्या थोड्या तळा. निथळायला जाळीवर ठेवा. कागदावर ठेवल्या तर खालच्या बाजूला वाफ कोंडून त्या मऊ पडतात. पण आत ओली काकडी असल्यामुळे त्या लवकर नरमतात, आणि पार्टीच्या ऐन वेळी गॅसपाशी उभं राहावं लागतं. दहापेक्षा जास्त माणसं असली की मी पांकोच वापरते. गव्हातलं ग्लूटेन चालत नसेल तर जाडसर कुटलेले कॉर्नफ्लेक्स लोण्यात तसेच परता, मात्र त्यांत बार्लीचं माल्ट नाही ना (बार्लीतही ग्लूटेन असतं), हे पाकिटावर बघून घ्या.

डिप वाढायच्या पंधरा मिनिटं आधी फ्रिजबाहेर काढून एकदा ढवळा. थेट थंडगार डिप इतकं घट्ट असतं की चिप त्यात मोडते आणि चवही दबलेली लागते. पातळ कागदी चिप्स तशाही मोडणारच. जाड, नागमोडी चिप्स, प्रेटझेल, सेलरी किंवा गाजराच्या फोडी ठेवा. भाज्या धुतल्या असतील तर पुसून मांडा.

बाहेर किती वेळ ठेवायचं, हेही पाळा. दुग्धजन्य डिप सामान्य तापमानाला दोन तास, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. पार्टी लांबणार असेल तर भांडं बर्फाच्या परातीत बसवा, पण बर्फ वितळून पाणी आत येणार नाही इतक्या उंचीवर. मेयोनेज कच्च्या अंड्याचं घरगुती असेल तर मी ते या डिपमध्ये घालत नाही, बाटलीतलं वापरते.

गरम डिप हवं असेल तर सावर क्रीम निम्मं करा, मेयोनेज वगळा, कारण तापल्यावर त्यातलं तेल सुटून वर येतं. त्याऐवजी 100 ग्रॅम किसलेलं चेडर घाला. 180 अंशांवर वीसेक मिनिटं, कडेनं बुडबुडे येईपर्यंत. चुरा ओव्हनमधून काढल्यावरच टाका.

तुमच्या पार्टीसाठी क्रम असा ठेवा. आदल्या दिवशी पिकल पिळून डिप कालवायचं, चुरा परतून डब्यात भरायचा. पार्टीच्या दिवशी दुपारी चव बघून मीठ-आंबट नीट करायचं, डिप भांड्यांत भरायचं. पाहुणे आले की चुरा.

उरलेलं, म्हणजे फ्रिजबाहेर न आलेलं डिप तीन-चार दिवस टिकतं. फ्रीझरमध्ये टाकू नका, गोठून सुटलं की मेयोनेज फुटतं आणि क्रीम चीज रवाळ होतं. चुऱ्यासकट उरलेलं असेल तर वरचा ओला थर चमच्यानं काढून टाका आणि खालचं सँडविचला लावा किंवा उकडलेल्या बटाट्यांत कालवा.